‘बार्शीची गेली का?’ : डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी फील्डवर्क, पायरीपायरीने

दर सेमिस्टरला एकच प्रकार बघतो. सोमवारी विषय मिळतो, मंगळवारी वर्गाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म फिरतो, बुधवारी त्याचे रंगीत पाय चार्ट होतात आणि गुरुवारी ॲपचे स्क्रीन तयार. ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, विचारावं, “हे वापरणारा माणूस प्रत्यक्ष पाहिलास का?” तर उत्तर येतं, “सर, फॉर्ममध्ये बहुतेकांनी हो म्हटलंय.”

लोक सांगतात एक आणि करतात दुसरं, आणि डिझाइनला ते दुसरं लागतं. ते बघायला जागेवर जावं लागतं. जाण्याचाही एक क्रम आहे; तो चुकला की आठवडाभर उन्हात उभं राहूनही हाती फक्त फोटो उरतात. खाली शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलंय : तालुक्याचं एसटी स्टँड आणि तिथे आपली गाडी शोधणारी माणसं. तुमची जागा भाजी मंडई असेल, सरकारी दवाखान्याची ओपीडी असेल, लोकलचा फलाट असेल. पायऱ्या याच.

१. विषय इतका बारीक करा की तो डोळ्यांना दिसेल

‘सार्वजनिक वाहतूक’ हा विषय होत नाही. ‘ग्रामीण प्रवाशांचा अनुभव’ हाही नाही, कारण अनुभव दिसत नाही. दिसतं ते क्रियापद : विचारणं, थांबणं, रांग मोडणं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. म्हणून वाक्य असं बनवा : अमुक जागी, अमुक वेळी, माणसं अमुक गोष्ट कशी करतात? आपलं वाक्य : सकाळी आठ ते दहा या वेळात स्टँडवर आलेला माणूस आपली गाडी कशी शोधतो?

वाक्यात ‘सुधारणे’, ‘सुलभ करणे’, ‘जनजागृती’ असं काही आलं असेल तर खोडा. उत्तर आधीच ठरवून प्रश्न लिहिल्याची ती खूण आहे.

याच दिवशी आणखी एक काम. या विषयाबद्दल तुमची जी काही समजूत आहे ती एका कागदावर लिहा, निदान दहा वाक्यं. डोक्यात घोळणारी पहिली आयडियाही लिहा, मग ते ॲप असलं तरी चालेल. कागद पाकिटात घालून चिकटवा आणि गाइडकडे ठेवायला द्या. हे पाकीट नवव्या पायरीला लागणार आहे.

तपासणी : वाक्य घरात कुणाला तरी वाचून दाखवा. “मग तू तिथे उभं राहून नेमकं काय बघणार?” याचं उत्तर एका दमात देता आलं तर पुढे जा.

२. जाण्याआधीची तयारी

आधी पत्र. कॉलेजच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीचं, तारखा आणि वेळा लिहिलेलं. स्थानकप्रमुखांकडे किंवा आगार व्यवस्थापकांकडे द्या आणि पोच घ्या. “स्टँड सार्वजनिक आहे, परवानगी कशाला?” असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. प्रवासी म्हणून बसायला परवानगी लागत नाही, पण वही घेऊन दोन तास बसलात की कुणी ना कुणी हटकणारच. त्या वेळी पोचेवरचा शिक्का कामाला येतो. नियंत्रकांची केबिन आणि मागचा वर्कशॉप सार्वजनिक नाही, तिथे न विचारता पाऊल टाकू नका.

मग थोडा गृहपाठ. प्रवासी कोण आणि का, हे ठरवणाऱ्या गोष्टी आधीच माहीत हव्यात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत आहे. हे ठाऊक नसेल तर ‘आजीबाई हातात आधार कार्ड धरून का बसल्यात’ याचा तुम्ही शोध लावाल आणि ज्युरीत हसं होईल. आठवडी बाजार कोणत्या वारी, कॉलेज किती वाजता भरतं, लग्नसराई आहे का, हेही विचारून घ्या. आषाढी वारीच्या दिवसांत गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात. ते दिवस बघण्यासारखे खरे, पण रोजचे म्हणून मोजू नका.

बैठका तीन : एक साधा दिवस, एक बाजाराचा, एक रविवार. प्रत्येकी दोन तास, जास्त नको. दोन तासांनंतर डोळे उघडे असतात पण दिसायचं बंद होतं.

पिशवीत खिशात मावणारी वही, दोन पेनं, एक पेन्सिल, पाणी आणि सुट्टे पैसे. हातात साधं घड्याळ घाला. वेळ बघायला मोबाइल काढला की नजर पाच मिनिटं तिथेच अडकते. कॉलेजचा टी-शर्ट आणि ट्रायपॉड घरी. ओळखपत्र खिशात ठेवा, गळ्यात नको. शक्यतो दोघांनी जा, आणि संध्याकाळची बैठक असेल तर परतीची गाडी आधी बघून ठेवा.

सावधान : बसायचं कुठे, हे आधी ठरवा. विद्यार्थी असताना मी पहिल्याच दिवशी चौकशी खिडकीच्या बरोबर समोर वही उघडून बसलो. अर्ध्या तासाने खिडकीतले साहेब बाहेर आले आणि हळूच म्हणाले, “वरनं आलात का? कुणी तक्रार केलीय का?” त्यानंतर ते प्रत्येक प्रवाशाशी इतकं गोड बोलू लागले की त्या दोन तासांच्या नोंदी फाडून टाकाव्या लागल्या. तिरकं बसा. रसवंती, पेपर स्टॉलजवळचा बाक, कॅन्टीनची कडेची खुर्ची, जिथे दोन तास बसलेला माणूस खटकत नाही अशी जागा धरा.

३. पहिली फेरी प्रवासी म्हणून

वही न घेता जा. कधी न गेलेल्या एखाद्या गावाला खरोखर जाऊन या. मोबाइलवर शोधायचं नाही. स्टँडवर जे आहे त्यावरच भागवायचं. कुठे अडलात, कुणाला विचारलंत, का त्यालाच विचारलंत, हे परतीच्या गाडीत आठवून लिहा. ‘मला वाटलं’ लिहायची मुभा एवढ्याच फेरीला. यापुढे विषय तुम्ही नाही.

४. नकाशा काढा, मग खुणा शोधा

पावलं मोजून स्टँडचा आराखडा काढा. आत येण्याची वाट, फलाट, चौकशी खिडकी, वेळापत्रकाचा फलक, बाक, पाण्याची टाकी, स्टॉल. सावली नऊ वाजता कुठे असते आणि अकराला कुठे सरकते तेही. लोक फलकापासून लांब उभे राहण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं की फलकासमोर ऊन असतं.

मग माणसं न बघता माणसांनी मागे ठेवलेलं बघा. खिडकीच्या कडेचा रंग कोपरं टेकून कुठे उडालाय? मधल्या दुभाजकाची जाळी कुठे वाकवलीय? सगळ्यांत मोलाच्या म्हणजे हाताने लिहून सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ‘सुट्टे पैसे द्यावेत.’ ‘येथे गाड्यांची चौकशी करू नये.’ ही दुसरी चिठ्ठी पेपर स्टॉलवर दिसली की समजा, लोक चौकशी तिथेच करतात. नाहीतर बिचाऱ्याला ती लावावी लागली नसती. असा प्रत्येक कागद म्हणजे कुणीतरी वैतागून केलेलं डिझाइन आहे. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्स हाही तोच प्रकार. ते चालतंय का, हे टाइलच्या आजूबाजूचे डाग सांगतात.

तपासणी : नकाशावर निदान पाच खुणा हव्यात, आणि त्यांतली एकही ‘अस्वच्छता’ किंवा ‘गर्दी’ अशा शब्दात लिहिलेली नको.

५. नोंदी : सगळं काम इथे आहे

पानावर तीन रकाने पाडा : वेळ, दिसलं-ऐकलं, मला वाटलं. मधला रकाना मोठा. नोंद कशी असावी याचा हा नमुना :

८.४२ – पन्नाशीच्या बाई, दोन पिशव्या. वेळापत्रकासमोरून गेल्या, मान वळली नाही. खिडकीशी : “बार्शीची गेली का?” आतून : “लागंल आता.” वळल्या. पेपरवाल्याला : “बार्शीची गेली का ओ?” त्याने मान हलवली, नाही. बाकावरच्या मुलीला : “तू बार्शीलाच का?” मुलगी : “हो.” बाई तिच्या शेजारी बसल्या, पिशव्या पायांत घेतल्या.
मला वाटलं – वाचता येत नसेल?
८.५८ – गाडी फाटकातून आत. बाईंनी लांबूनच पाटी वाचली, मुलीच्या आधी उठल्या. मुलीला : “चल, आली.”

तिसऱ्या रकान्यातला अंदाज सोळा मिनिटांत पडला. पण तो वेगळा लिहिला होता म्हणूनच पडला. हीच नोंद मुलं सहसा अशी करतात : ‘वृद्ध अशिक्षित महिला गोंधळलेली, माहितीचा अभाव.’ सगळे निकालच, पाहिलेलं काहीच नाही. पन्नाशीची बाई वृद्ध कधी झाली?

बोललेलं शब्दाला शब्द लिहा. ‘लागंल’ला ‘लागेल’ करू नका आणि त्याचं इंग्रजी तर मुळीच करू नका. कॉलेजचा अहवाल इंग्रजीत असला तरी वही मराठीतच हवी. कारण आता पुढचं बघा. दुसऱ्या बैठकीत मागच्या पानावर चार ओळी आखा आणि कानावर पडणारा प्रत्येक प्रश्न कोणत्या ओळीत बसतो त्याच्या रेघा ओढा :

कधी आहे?
गेली का?
कुठे लागते?
ही जाते का?

वेळापत्रकाचा फलक यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. गाडी कधी सुटायला हवी हे त्यावर असतं; आज ती सुटली का, हे नसतं. बाईंना नेमकं तेच हवं होतं. दोन्ही प्रश्नांना इंग्रजीत ‘बसची चौकशी’ असं एकच लेबल लावणाऱ्याच्या हातून हा फरक निसटतो.

ज्यांनी काहीच विचारलं नाही त्यांच्याकडेही बघा. पासवाली कॉलेजची मुलं फलकाकडे बघत नाहीत, खिडकीशी जात नाहीत, आणि तरी बरोबर वेळेला उठतात. कशी? त्यांची नजर कॅन्टीनच्या दारावर असते. ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर चहा संपवून बाहेर पडले की यांची दप्तरं पाठीवर चढतात.

तीस-चाळीस माणसांच्या नोंदींवरून टक्केवारी काढू नका. ‘अमुक जणांपैकी इतक्यांनी’ असं साधं लिहा.

सावधान : फोटो वस्तूंचे, जागांचे, हातांचे, पाठमोरे घ्या. चेहरा हवा असेल तर आधी विचारा. झोपलेल्या माणसाचा फोटो घेऊ नका. लहान मुलांचे तर टाळाच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांच्या संमतीचं बोलतो. त्या भानगडीपेक्षा रेखाटन करा. डिझाइनचे विद्यार्थी आहात, हात चालतो.

तपासणी : तिसरा रकाना झाकून वही जोडीदाराला द्या. नोंद वाचून त्याला तो प्रसंग वर्गात करून दाखवता आला तर नोंद जमली. ‘गोंधळलेली’ कशी करून दाखवणार, असं तो म्हणाला तर पुन्हा स्टँडवर.

६. विचारा, पण दोन बैठका झाल्यावर

आधी विचारलंत तर तुम्हाला काय विचारायचं तेच ठाऊक नसतं, म्हणून मग “काय काय अडचणी येतात?” असा प्रश्न बाहेर पडतो आणि समोरचा रस्त्यापासून राजकारणापर्यंत सगळं ऐकवतो.

हाक वयाप्रमाणे : मावशी, काका, आजी, दादा, ताई. कंडक्टरला ‘मास्तर’ म्हटलं की चेहरा खुलतो. सगळ्यांशी अहो-जाहो. ओळख एका वाक्यात द्या : “मी कॉलेजात शिकतो, लोक गाडी कशी शोधतात ते बघतोय, सरकारी सर्वे नाही.” हे शेवटचं आवर्जून म्हणा. नाहीतर तुम्ही कुठल्यातरी योजनेचे फॉर्म भरायला आलात असा समज होतो, आणि मग उत्तरं त्या हिशोबाने येतात. एका आजींनी माझ्या विद्यार्थिनीला आधी आधार कार्ड, मग बँकेचं पासबुक काढून दाखवलं होतं. पोरीला रडू यायचं बाकी होतं.

विचारायचं ते आजच्या, आत्ताच्या प्रसंगाबद्दल. “मावशी, मघाशी खिडकीत विचारलंत, परत पेपरवाल्याला पण विचारलंत. ते कसं काय?” एवढं विचारा आणि गप्प बसा. मुलांना गप्प बसवत नाही. तीन सेकंद शांतता झाली की मुलगाच उत्तर सुचवतो : “म्हणजे खिडकीतलं नीट कळलं नाही का?” आणि मावशी सभ्यपणे “हो, तसंच” म्हणतात. गेली मुलाखत पाण्यात.

हे तीन प्रश्न वहीतून खोडून टाका :

“असं ॲप असलं तर वापराल का?” कॉलेजच्या पोराला नाराज कोण करणार? सगळे हो म्हणतात.

“तुम्ही नेहमी काय करता?” ‘नेहमी’ला लोक आपण करायला हवं ते सांगतात. ‘मागच्या खेपेला काय झालं?’ असं विचारा.

“तुम्हाला वाचता येतं का?” हे कधीच नाही. पाटी वाचून उठतात का, ते बघा.

गाडी लागली की माणूस वाक्य अर्धवट टाकून पळणार, म्हणून महत्त्वाचा प्रश्न पहिला. रेकॉर्डिंग करायचं असेल तर मोबाइल दाखवून विचारा. नको म्हटलं तर नको. प्रवाशांइतकंच खिडकीतल्या माणसाशी आणि स्टॉलवाल्याशी बोला. एकच प्रश्न दिवसभर ऐकणाऱ्याकडे त्या प्रश्नाचं सगळ्यांत मोठं भांडार असतं. त्यांची वेळ मात्र दुपारची. सकाळच्या गर्दीत त्यांना छेडू नका.

७. त्याच रात्री उतरवून काढा

दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. झोपायच्या आधी प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर : वेळ, माणूस, काय केलं, काय बोललं. नावं लिहू नका. ‘हिरवी पिशवी’, ‘पासवाला १’ असं चालतं.

८. चिठ्ठ्या लावणं

जमिनीवर किंवा भिंतीवर, सगळ्या एकदम दिसतील अशा. जपानी अभ्यासक जिरो कावाकिता यांनी रूढ केलेली ही पद्धत त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘केजे’ म्हणून ओळखली जाते. तिचं मर्म एवढंच की गट आधी ठरवायचे नाहीत. एकमेकींच्या जवळ जाव्यात असं वाटणाऱ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवत जायचं, आणि नाव शेवटी द्यायचं.

इथली ठरलेली चूक : मुलं आधी ‘समस्या’, ‘गरजा’, ‘वर्तन’ अशी मथळ्याची पानं चिकटवतात आणि चिठ्ठ्या पत्रपेटीत टाकाव्यात तशा खाली टाकत जातात. मग सगळ्या बॅचची भिंत एकसारखी दिसते.

गटाचं नाव शब्द नको, वाक्य हवं. ‘विश्वास’ हे नाव नाही. ‘खिडकीतून उत्तर मिळालं तरी त्याच गाडीला जाणारा माणूस सापडेपर्यंत बसत नाहीत’ हे नाव आहे.

तपासणी : कुठल्याच गटात न बसणाऱ्या चार-सहा चिठ्ठ्या उरल्या पाहिजेत. एकही उरली नसेल तर तुम्ही कोंबल्यात.

९. एका वाक्यात मर्म, आणि मग त्याच्यावर उलटा घाव

आता लिहा : कोण, कधी, काय करतो, आणि त्यातून काय साधतो. कच्चं वाक्य : ‘प्रवाशांना वेळेवर माहिती मिळत नाही.’ हे स्टँडवर न जाताही लिहिता आलं असतं. पक्कं वाक्य : ‘ठरलेल्या वेळेनंतर आलेला प्रवासी गाडीची वेळ विचारत नाही, गाडी गेली का ते विचारतो, आणि सोबतचा प्रवासी सापडला की विचारणं थांबवतो.’

लिहून झाल्यावर परत एकदा स्टँडवर जा, या वेळी फक्त वाक्य खोटं पाडणारी माणसं शोधायला. सोबत सापडूनही विचारत राहिलेला कुणी? वेळेआधी येऊन ‘गेली का’ म्हणणारा? सापडला तर वाक्य दुरुस्त करा.

मग गाइडकडून पाकीट मागा. दहापैकी दहा समजुती खऱ्या निघाल्या असतील तर तुम्ही जागा बघितलीच नाही, स्वतःची खात्री करून आलात. चार-पाच पडल्या असतील तर काम चांगलं झालंय.

१०. कल्पना कागदावर, आणि कागद जागेवर

भरपूर काढा, स्वस्त ठेवा. प्रत्येक कल्पनेखाली एक ओळ लिहा : हे रोज कोण करणार? ‘सुटलेल्या गाडीपुढे फळ्यावर खडूने ‘गेली’ लिहायचं’ ही कल्पना छान आहे. पण खिडकीतल्या माणसाने तोंडाने उत्तर द्यायचं, उद्घोषणा करायची, नोंदवहीत लिहायचं आणि उठून फळ्यापर्यंतही जायचं का? ही ओळ रिकामी राहिली तर कल्पना बाजूला ठेवा.

चाचणीसाठी वेगळी परवानगी घ्या. पुठ्ठ्याचा फळा, चार-पाच गावांची नावं, सुटली की खूण. दोन तास पुरेत. पाचव्या पायरीतल्या त्याच चार ओळी पुन्हा आखा आणि ‘गेली का?’च्या रेघा मोजा. मोजणी त्याच वाराला, त्याच वेळेला. बाजाराच्या दिवसाची तुलना रविवारशी करू नका.

फळ्याजवळ मात्र उभे राहू नका. एका वर्षी एक मुलगा हातात खडू घेऊन फळ्याला टेकून उभा राहिला. लोक फळ्यापर्यंत यायचे, त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, “बार्शीची गेली का रे?” दोन तासांत फळ्याची नाही, त्याचीच चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने फळा ठेवला आणि रसवंतीच्या बाकावर जाऊन बसला. पहिल्याच काकांनी फळा नीट वाचला, ‘गेली’वर बोट ठेवलं आणि पेपर स्टॉलकडे वळून विचारलं, “ती कुर्डुवाडीवरनं जाणारी गेली, का दुसरी?”

त्याने वही काढली आणि चार ओळींखाली पाचवी आखली.